ब्रेक फेल होत नाही, लायनर झिजू दिलेले असते

‘ब्रेक फेल झाल्याने डंपर पलटी, चालक ठार.’ ‘उतारावर ब्रेक निकामी, टिप्पर मजुरांच्या झोपडीत घुसला.’ या ओळी मी कुठल्या एका वर्तमानपत्रातून उचललेल्या नाहीत. अशा बातम्या इतक्या वेळा छापून येतात की त्यांचे मथळे आता पाठ झाले आहेत. बातमीत मेलेल्याचे गाव येते, वय येते, कधी फोटोही येतो. त्या गाडीचे लायनर किती उरले होते, ते शेवटचे कोणी आणि कधी पाहिले होते, हे मी अजून एकाही बातमीत वाचलेले नाही.

मित्रांनो, ‘ब्रेक फेल झाला’ हे वाक्य जरा नीट ऐका. त्यात कर्ता नाही. जणू ब्रेक एक दिवस सकाळी उठला आणि आपणहून फेल झाला! अशा कर्ता नसलेल्या वाक्यांची आपल्या समाजाला जुनी ओळख आहे. नशिबात होते, भोग होते, वेळ भरली होती. बाबासाहेबांनी आपल्याला या भाषेतून ओढून बाहेर काढले आणि प्रत्येक दुःखाचे कारण विचारायला लावले. मग डंपरच्या बाबतीत कारण विचारताना आपली जीभ का अडखळते?

काही कार्यकर्ते म्हणतील, लायनर हा काय चळवळीचा विषय झाला? गॅरेजवाल्याचे काम गॅरेजवाल्याला करू द्या. त्यांना माझा साधा प्रश्न आहे. चंद्रपूर, घुग्घुस, वणी पट्ट्यातल्या कोळसा खाणींवर किंवा पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींवर एकदा जाऊन या. कोळशावरची माती काढण्याचे काम आता मोठ्या प्रमाणावर खासगी कंत्राटदारांकडे आहे. त्यांच्या टिप्परच्या केबिनमध्ये कोण बसले आहे, मागे क्लीनर कोण आहे, शेडमध्ये चाकाखाली झोपून पाना मारणारा हेल्पर कोण आहे, हे विचारा. नावे विचारा, वस्ती विचारा. मग हा विषय कोणाचा आहे ते ठरवू.

गेल्या पावसाळ्यात मी अशाच एका तरुण ड्रायव्हरबरोबर रात्रभर पोलीस ठाण्यात बसलो होतो. खडी भरलेला टिप्पर उतारावरून येत होता, ब्रेक धरेना, त्याने गाडी मातीच्या ढिगाऱ्यात घातली. समोर कामावर बायामाणसे होती, ती वाचली. क्लीनरचा पाय मोडला. गुन्हा ड्रायव्हरवर: भरधाव आणि निष्काळजीपणे वाहन चालवणे. तो बिचारा एकच गोष्ट सांगत होता, “दादा, मी आठ दिवसांपासून सांगत होतो, ब्रेक उशिरा लागतोय.” कोणाला सांगितले? मालकाला, फोनवर. मालक काय म्हणाला? “स्लॅक आवळ आणि एवढ्या महिन्याच्या फेऱ्या काढून दे.” लिहून काही दिले होते? नाही. नंतर चाक उघडले तेव्हा एका बाजूच्या लायनरमधून रिव्हेटची डोकी बाहेर आलेली होती. पण तोपर्यंत कागदावर जे लिहायचे ते लिहून झाले होते.

या ‘स्लॅक आवळ’मध्ये सगळी गोम आहे. ती कळण्यासाठी टिप्परचा ब्रेक कसा चालतो ते थोडे समजून घ्यावे लागेल.

हवेच्या ब्रेकमध्ये पॅडल दाबले की टाकीतली हवा चाकाजवळच्या चेंबरमध्ये जाते आणि तिथली दांडी बाहेर ढकलली जाते. दांडी एका तरफेला फिरवते. या तरफेला स्लॅक अ‍ॅडजस्टर म्हणतात. तरफ कॅम फिरवते, कॅम दोन शूंना फाकवतो आणि शूवर रिव्हेटने ठोकलेले लायनर फिरत्या ड्रमला घासतात. गाडी थांबते ती या घासण्याने. म्हणजे पंचवीस-तीस टनांच्या धुडाची सगळी धाव उष्णता होऊन या लायनरमध्ये आणि ड्रममध्ये जिरते. लायनर झिजणे हा दोष नाही, ते झिजण्यासाठीच बनवलेले आहे. वजन दुप्पट भरले की जिरवायची ऊर्जा दुप्पट होते. वेग दुप्पट केला की चौपट होते. ओव्हरलोड आणि फेरीवर पैसे या दोन गोष्टी एकत्र आल्या की लायनरचे आयुष्य किती राहते हे वेगळे सांगायला नको.

आता लायनर झिजले की शू आणि ड्रम यांच्यातली फट वाढते. दांडीला जास्त लांब बाहेर यावे लागते. ड्रायव्हरला ब्रेक ‘उशिरा’ लागतो. स्लॅकचा नट फिरवला की फट कमी होते, ब्रेक पुन्हा लवकर लागतो आणि सगळ्यांना वाटते, दुरुस्त झाले. झाले काहीच नाही. लायनर होते तेवढेच पातळ आहे. फक्त त्याचे पातळ होणे आता जाणवत नाही. आपोआप जुळणाऱ्या स्लॅकमध्ये तर ही फसवणूक आणखी सफाईदार होते. दांडी बरोबर अंतर दाखवत राहते आणि आत लायनर संपत जाते. म्हणून स्लॅक बघणे आणि लायनर बघणे ही दोन वेगळी कामे आहेत. ब्रेकच्या मागच्या पत्र्याला पाहण्यासाठी भोक असते, त्याची रबरी बुचे काढून टॉर्च मारला की लायनरची कड दिसते. पाच मिनिटांचे काम. ही पाच मिनिटे कोणाच्या पगारात धरलेली नाहीत, म्हणून ते होत नाही.

उतारावर आणखी एक गोष्ट घडते. सतत ब्रेक दाबून उतरले की ड्रम तापतो आणि तापून फुगतो, म्हणजे शूपासून दूर जातो. लायनरही तापल्यावर नीट पकडत नाही. आधीच लांब झालेली दांडी आता तिच्या शेवटापर्यंत पोहोचते आणि पुढे ढकलायला जागाच राहत नाही. हवा पूर्ण आहे, पॅडल पूर्ण दाबले आहे आणि गाडी थांबत नाही. वर सपाटीवर ज्या लायनरने काम भागत होते तेच लायनर घाटात माणूस मारते, ते असे. खालच्या गिअरमध्ये, इंजिनच्या ओढीवर उतरणे हाच त्यावरचा उपाय. पण डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरवणारे मालक आणि त्यांचे ऐकणारे ड्रायव्हर दोन्ही मी पाहिले आहेत. ड्रायव्हरला फेरीमागे पैसे मिळतात, तो हळू का उतरेल? त्याला दोष देण्याआधी हा हिशेब मांडा.

इथे मला आपल्याच लोकांबद्दल थोडे कडू बोलायचे आहे. आता आपल्यातही गाडीमालक झाले आहेत. कर्ज काढून एक हायवा घेतला, केबिनवर निळा झेंडा लावला, मागे बाबासाहेबांचे नाव लिहिले. चांगली गोष्ट आहे. पण हप्त्याच्या तारखेला तोही क्लीनरला तेच सांगतो, ‘एवढा महिना ओढ.’ त्याची अडचण मला कळते. लायनरच्या सेटची किंमत त्याला परवडते. गाडी एक दिवस उभी राहणे परवडत नाही, कारण कंत्राटदार दर पाडून ठेवतो आणि गैरहजर गाडीच्या जागी दुसरी लावतो. हे सगळे खरे असले तरी त्या केबिनमध्ये बसलेला पोरगाही आपलाच आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला गाडी धुऊन, हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून फोडायला वेळ मिळतो. बंपरला लिंबू-मिरची न चुकता बदलली जाते. त्याच गाडीच्या चाकाचे बूच वर्षभर कोणी काढत नाही. ज्यांनी देव सोडले त्यांनी निदान लिंबू तरी सोडावे आणि टॉर्च घ्यावा.

आता हेल्परकडे येऊ, कारण त्याच्याबद्दल कोणीच बोलत नाही. ड्रम काढला की आत काळी-करडी पूड साचलेली असते. शेडमध्ये ती कशी काढतात? कॉम्प्रेसरची हवा मारून. क्षणभर धुके होते, पोरगा रुमाल नाकावर धरतो, झाले. ब्रेकच्या लायनरमध्ये अनेक दशके अ‍ॅस्बेस्टॉस वापरले जात होते, कारण ते उष्णता सोसते. त्याचे तंतू डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक असतात, श्वासातून फुफ्फुसात जाऊन रुततात आणि निघत नाहीत. त्यातून फुफ्फुस घट्ट होत जाणारा अ‍ॅस्बेस्टोसिस होतो, फुफ्फुसाचा कर्करोग होतो, फुफ्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा होतो. अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळे प्रकार कर्करोगकारक आहेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोग दिसायला वीस, तीस, चाळीस वर्षेही लागतात. तोपर्यंत शेड बंद झालेली असते, मालक बदललेला असतो आणि सरकारी दवाखान्यात त्या माणसाच्या कागदावर ‘दमा’ किंवा ‘टीबी’ लिहिलेले असते.

चांगल्या कंपन्यांचे लायनर आता अ‍ॅस्बेस्टॉसशिवाय मिळतात आणि डब्यावर तसे लिहिलेले असते. पण आपल्या देशात पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसची आयात चालू आहे आणि सुट्या, बिनडब्याच्या स्वस्त लायनरमध्ये काय आहे हे विकणाराही सांगू शकत नाही. म्हणून पूड कुठलीही असो, ती अ‍ॅस्बेस्टॉसची आहे असे धरूनच वागायचे. हवा मारायची नाही. आधी पाण्याने हलके भिजवायचे, ओल्या फडक्याने पुसायचे, फडके पिशवीत बांधून टाकायचे. रुमाल हा मास्क नव्हे, बारीक धूळ अडवणारा चांगला मास्क मालकाकडून मागून घ्यायचा. कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत. ते कपडे झटकून धुणाऱ्या बायकोच्या फुफ्फुसातही हीच पूड जाते. ती तर शेडमध्ये कधी पाऊलही टाकत नाही.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात कामगाराचे आरोग्य हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, नोकरी संपल्यावरसुद्धा, असा निर्वाळा दिला. कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षे, यातले जे उशिराचे असेल तोपर्यंत जपायची, असा आदेशही दिला. तो आदेश अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगांना उद्देशून होता. रस्त्याकडेच्या गॅरेजातल्या हेल्परची ४० वर्षांची नोंद सोडा, त्याचे नाव हजेरीच्या वहीत तरी असते का?

हेल्पर हेल्परच का राहतो, हाही प्रश्न जुना आहे. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या दलित वर्गीय कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगाराचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांचे म्हणणे त्या भाषणातले, ते आपण सगळे पाठ म्हणतो. त्याच भाषणात त्यांनी जे रोकडे सांगितले ते मात्र आपण विसरतो. रेल्वेतला अस्पृश्य गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, वरच्या जागांचे दार त्याला बंद असते, हे त्यांनी तिथे मांडले होते. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून तिथे अस्पृश्याला घेत नसत आणि जास्त पगाराचे कामही तिथेच होते. आज शेडमध्ये कोणी जात विचारत नाही म्हणे. पण पूड झाडणे, चाक उतरवणे, ग्रीस पुसणे एकाकडे आणि माप घेणे, भागाची निवड करणे, ‘गाडी सोडा’ म्हणणे दुसऱ्याकडे, ही वाटणी कशी होते ते डोळे उघडे ठेवून पाहा.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. आठवड्याचे ४८ तास १९४६ च्या कारखाना कायदा दुरुस्तीने आले, हे आपण सांगतो. त्यांच्या खात्याकडे युद्धकाळातली तांत्रिक प्रशिक्षण योजनाही होती, हे कमी जण सांगतात. कामगाराच्या हाताला तंत्र मिळाले पाहिजे ही बाब त्यांच्या कारभाराचा भाग होती. आपण मात्र तंत्राला ‘टेक्निकल’ म्हणून बाजूला ठेवतो.

म्हणून आता थोडे टेक्निकल. लायनर बदलताना काय व्हायला हवे हे ड्रायव्हर-क्लीनरला माहीत असले तरच ‘बदलले’ म्हणजे काय बदलले हे त्याला विचारता येईल.

बदलायचे कधी? गाडीच्या मॅन्युअलमध्ये किमान जाडी दिलेली असते, तीच धरायची. ती हाताशी नसेल तर हवेच्या ड्रम ब्रेकला शूच्या मध्यावर पाव इंच, म्हणजे सहा-साडेसहा मिलिमीटर, याच्या खाली कधीही जाऊ द्यायचे नाही. रिव्हेटचे डोके ड्रमला लागेपर्यंत थांबले तर ड्रमवर चर पडतात आणि मग लायनरच्या जोडीला ड्रमचाही खर्च येतो. लायनर तडकले असेल, शूपासून सुटले असेल किंवा ऑईल सील गळून त्यावर तेल-ग्रीस आले असेल तर जाडी कितीही असो, काढायचे. तेलाचे लायनर पेट्रोल टाकून पेटवून पुन्हा बसवणारे कारागीर मला भेटले आहेत. ते वरून कोरडे दिसते, आत मुरलेले तेल पहिल्या उतारावर तापून बाहेर येते. सील न बदलता नवे लायनर लावणे म्हणजे पुन्हा तेच.

बदलायचे तर एका एक्सलच्या दोन्ही चाकांचे, एकाच वेळी, एकाच जातीचे लायनर. (हा शब्द इथे नाइलाजाने वापरतो.) एकाच बाजूचे बदलले तर एक चाक धरते, दुसरे सोडते आणि गाडी बाजूला ओढते. शूवरचा गंज खरवडून काढल्याशिवाय नवे लायनर ठोकायचे नाही, कारण खालचा गंज फुगून लायनरला तडा देतो. रिव्हेट मध्यापासून कडांकडे मारत जायचे. ड्रमला तापाच्या तडा, निळे डाग, चर आहेत का पाहायचे. ड्रमवर लिहिलेल्या कमाल व्यासापेक्षा तो जास्त झिजला असेल तर लेथवर फिरवून उपयोग नाही, टाकूनच द्यायचा. नवे लायनर बसल्यावर आधी रिकाम्या गाडीने हलके ब्रेक मारून ते ड्रमला बसू द्यायचे, पुन्हा दांडीचे अंतर तपासायचे, मगच भरलेली फेरी. सर्रास दिसणाऱ्या ३० नंबरच्या चेंबरला पूर्ण ब्रेक दाबल्यावर दांडी दोन इंचांपेक्षा जास्त बाहेर येता कामा नये.

आणि एक गोष्ट जीव वाचवण्यासाठी. मागच्या चाकांच्या चेंबरमध्ये पार्किंगसाठी भयंकर ताकदीची स्प्रिंग दाबून बसवलेली असते. हवा गेली की ती ब्रेक लावते. ड्रम काढण्यापूर्वी ती ठरावीक बोल्टने मागे ओढून बांधावी लागते आणि त्याआधी गाडीच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावावे लागतात, कारण ती बांधली की गाडीला ब्रेक उरत नाही. त्या स्प्रिंगच्या चेंबरचा पट्टा कधीही उघडायचा नाही. तो सुटला तर समोरच्या माणसाचे डोके राहत नाही. हेल्परला हे पहिल्या दिवशी सांगितले पाहिजे. बहुतेक ठिकाणी त्याला पहिल्या दिवशी चहा आणायला सांगतात.

शेवटी त्या पोलीस ठाण्यातल्या रात्रीकडे परत येतो. रस्त्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १९० लागू होते. धोकादायक बिघाड असलेले वाहन चालवणारा तर गुन्हेगार आहेच, पण ते ‘चालवायला लावणारा’ आणि ‘चालवू देणारा’ही त्यात आहे. बिघाड माहीत असणे किंवा साध्या काळजीने कळू शकणे एवढे पुरे आहे. म्हणजे मालक कायद्याच्या बाहेर नाही. तो बाहेर राहतो कारण त्याला बिघाड कळवला होता याचा पुरावा ड्रायव्हरकडे नसतो. अपघातात माणूस मेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली आता पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पूर्वी दोन होती. ती ड्रायव्हरच्या एकट्याच्या डोक्यावर पडते. खाणीच्या आत खाणीचे कायदे. १९५५ च्या खाण नियमांत पाचशे किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या खाणीत कामगारांचे निरीक्षक नेमण्याची तरतूद आहे, त्यात एक यंत्रसामग्रीसाठी असतो आणि नेमणूक युनियनशी सल्लामसलत करून होते. आपल्या किती युनियनवाल्यांनी त्या जागेसाठी नाव सुचवले? २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही जिवाला धोका दिसला तर मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकाला कळवण्याचा हक्क कामगाराला दिला आहे.

त्या पोराला जामीन मिळाल्यावर आम्ही वस्तीतल्या बारा ड्रायव्हर-क्लीनरना एका रविवारी विहारामागच्या खोलीत बसवले. एक जुना शू, एक नवे लायनर, एक व्हर्नियर आणि शंभर पानी वह्या. प्रत्येकाने माप घ्यायला शिकले. वहीत सहा रकाने आखले: तारीख, गाडी क्रमांक, कुठले चाक, लायनर किती मिलिमीटर, कोणाला कळवले, उत्तर काय आले. कळवायचे ते व्हॉट्सअ‍ॅपवर, फोटोसह, म्हणजे वेळ छापली जाते. तोंडी सांगितले असेल तर घरी येऊन लगेच ‘आज सकाळी तुम्हाला सांगितल्याप्रमाणे’ असा मेसेज टाकायचा. वही गाडीत ठेवायची नाही, घरी ठेवायची. गाडी जप्त होते, मग वहीही जाते.

पहिल्या महिन्यात तिघांना मालकांनी झापले, एकाची गाडी सुटली. उरलेल्यांपैकी पाच गाड्यांचे लायनर बदलले गेले. गाडी सुटलेल्याला दुसरीकडे काम मिळायला एकोणीस दिवस लागले. त्या दिवसांचे किराणा-दूध वस्तीने वर्गणीतून भरले. पुढची बैठक येत्या रविवारी आहे. ज्याच्याकडे व्हर्नियर असेल त्याने घेऊन यावा, आमच्याकडे एकच आहे.